सोसायटीचे कचऱ्याचे डबे ओढायला जड का होतात आणि दोन वर्षांत का मोडतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ७२ फ्लॅटची सोसायटी, दोन वर्षांपूर्वी चाकांचे २४० लिटरचे चार डबे घेतले. आज दोन डब्यांची चाकं निखळली आहेत, एकाचं झाकण तुटलंय, आणि ओल्या कचऱ्याचा डबा बेसमेंटमधून रॅम्प चढवून गेटपर्यंत न्यायला दोन माणसं लागतात. त्याला वासही येतो. कमिटीत आता ‘यापेक्षा मजबूत डबे कोणते’ यावर चर्चा चालू आहे आणि तुम्हाला एखाद्या चांगल्या कंपनीचं नाव हवं आहे.

मी पुण्यात १९ वर्षं सोसायट्यांच्या सफाईचं काम बघते. कंपनीचं नाव मी आत्ता सांगणार नाही, कारण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून डबा हा तुमचा पहिला प्रश्न दिसत नाही. त्या डब्यात काय आणि किती भरलं जातं, आणि तो कुठल्या वाटेवरून ओढला जातो, हे आधी बघायला हवं. ते तसंच ठेवून नवे डबे आणलेत, तर दोन वर्षांनी हीच चाकं परत निखळतील. मी हे तीन सोसायट्यांत होताना पाहिलंय.

आधी वजनाचं बोलू. ओला कचरा मुद्दाम दाबला नाही तरी लिटरमागे अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. म्हणजे २४० लिटरचा डबा काठोकाठ भरला की आत सव्वाशे किलोच्या जवळपास माल असतो, शिवाय डब्याचं स्वतःचं दहा-बारा किलो. युरोपात या डब्यांसाठी ईएन ८४० नावाचं मानक आहे. त्यात लिटरमागे ०.४ किलो धरून डब्याची क्षमता ठरवतात. त्या हिशोबाने २४० लिटरचा डबा ९६ किलोसाठी आणि १२० लिटरचा ४८ किलोसाठी बनवलेला असतो. म्हणजे ओल्याने काठोकाठ भरला की तुमचा डबा त्याच्या ताकदीबाहेर जातो. दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा वाकणं, चाकाचं भोक मोठं होणं ही त्याचीच फळं आहेत. सुक्या कचऱ्याला २४० लिटर उत्तम, कारण कागद-प्लास्टिक जागा खातं पण वजन करत नाही. ओल्या कचऱ्याला मात्र १२० लिटरच्या वरचा डबा मी कुठेच ठेवू देत नाही.

तुमचाच हिशोब करून बघा. माझ्या अनुभवात घरटी दिवसाला पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. ७२ घरांचे झाले ५४ ते ७२ किलो. १२० लिटरचे दोन डबे केलेत तर एकेकात ३६ किलोपर्यंत जातील आणि एक बाई एकटी, आरामात ओढू शकेल. तिसरा डबा राखीव ठेवा. रविवार, सणवार, आंब्याचे दिवस यासाठी तो लागतोच. मे महिन्यात कोयी आणि सालींनी आमच्या एका सोसायटीचा ओला कचरा दीडपट होतो. शहाळी तर डब्यात टाकूच देऊ नका. पाणी पिऊन टाकलेलं शहाळंही किलोच्या पुढे भरतं. दहा शहाळी म्हणजे दहा किलो, आणि ती आडवी-तिडवी बसून जागाही अडवतात. त्यांच्यासाठी वेगळं पोतं ठेवा.

हा अंदाज तुमच्याकडे खरा ठरेलच असं नाही. किती घरं भरलेली आहेत, किती जण रोज घरी स्वयंपाक करतात, बागेचा पालापाचोळा यातच येतो का, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून एक दिवस खरं वजन करा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातातला काटा मिळतो, तो घ्या. डब्यात रिकामी होणारी प्रत्येक बादली त्याला अडकवून आकडा लिहून ठेवा. लागोपाठ चार दिवस केलंत की कमिटीत वाद उरत नाही.

वजनातला मोठा वाटा पाण्याचा असतो. उरलेली आमटी, ताक, चहाचा गाळ सगळं जसंच्या तसं बादलीत जातं. घरातच जाळीवर निथळून टाकलं तर फरक पडतो, फक्त ते ७२ घरांना पटवायला वेळ लागतो. पावसाचं पाणी थांबवणं मात्र तुमच्या हातात आहे. २४० लिटरच्या डब्याचं तोंड साधारण ०.३ चौरस मीटर असतं. झाकण उघडं राहिलं आणि ५० मिलिमीटर पाऊस पडला तर आत १५ लिटर पाणी जमतं. म्हणजे सरळ १५ किलो वाढले, आणि ते काळं घाण पाणी रॅम्पवर सांडत जाणार ते वेगळंच. तुमच्या एका डब्याला झाकण नाही म्हणालात. जूनच्या आत ते बसवा, नाहीतर तो डबा छपराखाली घ्या.

आता वाट. उद्या सकाळी घंटागाडीच्या वेळी डबा ओढणाऱ्या मावशींबरोबर तुम्ही स्वतः बेसमेंटपासून गेटपर्यंत चाला. डब्याला हात लावू नका, फक्त त्यांचे पाय आणि हात बघा. मी हे पहिल्यांदा केलं ते सिंहगड रोडच्या एका सोसायटीत. तिथल्या मावशी एका ठरावीक जागी थांबायच्या, उजवा गुडघा डब्याच्या तळाशी लावायच्या, डबा उचलायच्या आणि मग पुढे जायच्या. रोज, दोन्ही डब्यांना, जाताना. त्या जागी चेंबरचं झाकण पेव्हर ब्लॉकच्या वर जेमतेम दोन बोटं आलं होतं. कोणाच्या लक्षातही येत नव्हतं, कारण आपण चालताना पाय उचलतोच. मावशींनी कधी तक्रार केली नव्हती. गुडघ्याला तेल लावतात एवढंच मला माहीत होतं. गवंड्याने त्या झाकणाच्या चारी बाजूंनी सिमेंटचा छोटा उतार करून दिला. काम एका सकाळचं. त्यानंतर त्या डब्यांच्या चाकांना आम्हाला बरेच दिवस हात लावावा लागला नाही.

या डब्यांची चाकं बहुतेक २०० मिलिमीटर व्यासाची असतात. रबरी धाव असलेलं एवढं चाक एखाद्या इंचाच्या पायरीवरून ओढून नेता येतं, पण प्रत्येक वेळी पूर्ण भार एका झटक्यात दांड्यावर येतो. रोज दोनदा, वर्षाला सातशे झटके. दांडा वाकतो तो असा. म्हणून वाटेवरचे उंबरे, वर आलेली झाकणं, खचलेले पेव्हर ब्लॉक, गटाराच्या जाळीच्या फटी यांची यादी करा आणि एकेक नीट करून घ्या. चार चाकी छोट्या ट्रॉल्यांचा मोह टाळा. त्यांची ७५-१०० मिलिमीटरची चाकं फरशीवर छान चालतात, पण पेव्हर ब्लॉकच्या सांध्यात आणि जाळीत हमखास अडकतात.

रॅम्पचा उतार मोजून ठेवा. १२ फुटांत १ फूट चढ असेल तर १०० किलोच्या डब्याला ओढण्याच्या नेहमीच्या ताकदीवर आणखी आठ किलोचा जोर लागतो. ६ फुटांत १ फूट असेल तर तोच जोर सोळा-सतरा किलो होतो. गाड्यांचे बेसमेंट रॅम्प बऱ्याचदा पहिल्या प्रकारापेक्षा जास्त चढाचे असतात. तुमच्याकडे दोन माणसं लागतात त्याचं हेही एक कारण असणार. शक्य असेल तर ओल्या कचऱ्याचे डबे बेसमेंटमध्ये ठेवूच नका. वर, गेटच्या बाजूला, सावलीत जागा शोधा. जागा नसेल तर निदान भरलेला डबा न चढवता २० लिटरच्या बादल्या लिफ्टने वर आणून वरच्या डब्यात रिकाम्या करा. थोडा वेळ जास्त जातो, पण कंबर वाचते.

आणि रॅम्पवर एक नियम सगळ्यांना शिकवा. माणूस कायम चढाच्या बाजूला, डबा उताराच्या बाजूला. चढताना डबा मागून ओढायचा, उतरताना पुढे धरून हळूहळू सोडायचा. हात सुटला तर डबा माणसापासून लांब जायला हवा. त्या वेळी रॅम्पवर खाली कोणी उभं नको, मुलं तर अजिबात नकोत. सपाटीवर डबा इतका कलता करायचा की त्याचा भार चाकांवर तोलला जाईल आणि मनगटांना फक्त दिशा द्यावी लागेल. अर्धवट कलता केला तर तो मागे खेचतो, फार कलता केला तर सगळं वजन हातावर येतं. नव्या माणसाला हे सांगून कळत नाही. अर्धा भरलेला डबा देऊन पाच मिनिटं हातात धरायला लावावा लागतो.

तुम्ही चाकं निखळण्याबद्दल विचारलंय. चाक क्वचितच मोडतं. मोडतो किंवा झिजतो तो दांडा आणि त्याच्या टोकाची टोपी. डबा आडवा करा, चाक हाताने धरून आत-बाहेर आणि वर-खाली हलवा. किंचित खेळ चालेल. चाक डुलत असेल तर ते काढा आणि दांड्याचं टोक बघा. कचऱ्याचं पाणी आंबट असतं, त्यात मीठही असतं, आणि ते दांड्याच्या खोबणीत जाऊन बसतं. वरचा जस्ताचा मुलामा उडाला की आतलं लोखंड पापुद्र्या-पापुद्र्याने निघतं. ते पापुद्रे चाकाच्या प्लास्टिकच्या भोकात कानशीसारखं काम करतात आणि भोक लांबट होतं. मग टोपी निसटते आणि एक दिवस रॅम्पच्या मधोमध चाक गळून पडतं.

यावर मी असं करते. जुना दांडा घेऊन लेथच्या दुकानात जायचं. नवा दांडा कंपनीकडून मागवायची गरज नसते, पण जाडी जुन्याच्या न झिजलेल्या भागावरूनच मोजून घ्यायची, कारण वेगवेगळ्या डब्यांत ती थोडी वेगळी असते. तेवढ्याच जाडीची सळई कापून दोन्ही टोकांना भोक पाडून घ्यायचं. मग चाकाच्या आतून-बाहेरून एकेक वॉशर आणि भोकात स्प्लिट पिन, म्हणजे टोकं फाकवून अडकवायची पिन. दाबून बसवायच्या टोपीपेक्षा हे कितीतरी टिकतं, आणि पुढच्या वेळी चाक काढायला फक्त पक्कड लागते. ओल्या कचऱ्याच्या डब्याला परवडत असेल तर स्टेनलेस स्टीलची सळई घाला. चाकाचं भोक लांबट झालंच असेल तर नवा दांडा घालून उपयोग नाही, जोडीने दोन्ही चाकं बदला.

ग्रीसबद्दल माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. डबा कुरकुरला की वॉचमन दादा ग्रीसचा गोळा थापतात. त्यात अंगणातली माती आणि वाळू चिकटते आणि तीच दांडा घासत राहते. महिन्यातून एकदा चाक काढून दांडा कोरड्या फडक्याने साफ पुसा, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस पातळ लावा, बाहेर आलेलं पुसून टाका. दोन डब्यांना वीस मिनिटं लागतात.

मुठीकडेही बघा. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकची बारीक धार मुठीच्या खालच्या बाजूला राहते. वरून दिसत नाही, बोटांना लागते. आमच्या एका मावशींनी मुठीला जुन्या साडीचा काठ गुंडाळला होता. मला वाटलं पकड यावी म्हणून असेल. काठ सोडून हात फिरवला तेव्हा कळलं. कानस आणि पॉलिश पेपरने ती धार दहा मिनिटांत गेली. तुमचे डबे बदलायचे असोत वा ठेवायचे, हे आजच करा.

प्लास्टिकचं काय? हे डबे एचडीपीई नावाच्या प्लास्टिकचे असतात आणि त्यांचा मोठा शत्रू ऊन आहे. डब्याच्या पश्चिमेकडच्या अंगावर बोट फिरवून बघा. बोटाला पांढरी भुकटी लागली तर ते प्लास्टिक ठिसूळ व्हायला लागलंय. त्याला तडा पहिल्यांदा मुठीपाशी किंवा चाकाच्या खोबणीपाशी जातो. त्यामुळे डब्यावर पत्र्याची एखादी पडवी करणं हा डब्यांवरचा सगळ्यात स्वस्त खर्च आहे. ऊन आणि पाऊस दोन्ही अडतात. तडा गेलाच तर डिंक किंवा साधा चिकटद्रव वापरू नका. या प्लास्टिकला ते धरत नाहीत. तड्याच्या टोकाला छोटं भोक पाडा म्हणजे तो पुढे सरकणार नाही, मग दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची पट्टी लावून रिव्हेट मारा. तळाला तडा असेल तर हा उद्योग करू नका. तो डबा ओल्यासाठी बाद समजा.

झाकणाची बिजागरी तुटते ती झाकण मागे फेकल्यामुळे. ते मागे आपटून डब्याच्या पाठीवर लटकतं आणि पुढचा ओढणारा त्यावर दाब देतो. पिन हरवली असेल तर जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) तारेचा तुकडा दोन्ही बाजूंना वळवून घाला. हे तात्पुरतं असलं तरी चालतं. माझ्याकडे अशी एक पिन चार वर्षं चाललीय.

धुण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वासाचा उल्लेख केलात म्हणून सांगते. उन्हाळ्यात माशीच्या अंड्यापासून उडणारी माशी व्हायला सात ते दहा दिवस लागतात. ओल्याचा डबा आठवड्यातून दोनदा धुतला तर ही साखळी तुटते. आठवड्यातून एकदा धुतला तर एखाद्या वेळी तुटते, एखाद्या वेळी नाही. शिवाय अळ्या मोठ्या झाल्या की डब्यातून बाहेर पडून कोरड्या जागी, मातीत आणि पाल्यात शिरतात. म्हणून डब्याखालची जागा सिमेंटची आणि झाडलेली असावी.

आधी साबणाचं पाणी आणि लांब दांड्याचा ब्रश. कडांची, झाकणाच्या आतल्या बाजूची आणि तळाच्या कोपऱ्यांची चिकट साय निघाल्याशिवाय दुसरं काही टाकून उपयोग नाही. मग ब्लीचिंग पावडरचं पाणी फिरवून दहा मिनिटं ठेवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि डबा उतारावर पालथा घाला, म्हणजे दांड्याच्या खोबणीतलं पाणीही निथळेल. फिनेलने वास फक्त झाकला जातो. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. डब्यात डोकं घालून घासणाऱ्या माणसाला तो थेट लागतो. आमच्याकडे ही दोन्ही वेगळ्या खोल्यांत ठेवतात आणि धुणाऱ्याच्या हातात एका वेळी एकच दिलं जातं. धुतलेलं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये जाऊ द्या, पावसाच्या गटारात नको.

डबा भरायच्या आधी तळाला दोन ओंजळी सुका पाला किंवा वर्तमानपत्राच्या दोन घड्या टाका. पाणी शोषलं जातं, डबा रिकामा करताना तळाचा लगदा चिकटत नाही, आणि खताच्या खड्ड्यात पाला चालतोच. मोठी प्लास्टिकची पिशवी लावू नका. खत करणाऱ्यालाही ती त्रासाची आणि सफाईवाल्यांनाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, पुण्यात करतात तसा लाल ठिपका देऊन, वेगळे ठेवा. ते ओल्या डब्यात सापडले की आपली मावशी किंवा पुढची कचरावेचक ताई ते हाताने वेगळं करते.

खताचा विषय निघालाच तर तुमच्या सोसायटीचं क्षेत्रफळ बघून ठेवा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं सांगितलं होतं. तुमच्याकडे खताचे खड्डे असतील किंवा होणार असतील तर ओल्याचा डबा गेटपर्यंत न्यायचाच नाही. मग बघायची वाट बदलते. रॅम्पऐवजी खड्ड्यापर्यंतचा रस्ता सपाट करा, आणि खड्ड्याची कड इतकी उंच ठेवू नका की डबा खांद्यापर्यंत उचलावा लागेल.

तर तुमच्यासाठी क्रम असा ठेवेन. या आठवड्यात चार दिवस वजन आणि एकदा मावशींबरोबर चालणं. मग चेंबर, उंबरे आणि मुठीची धार. ओल्यासाठी १२० लिटरचे तीन डबे. जुन्या चारातले ज्यांचे तळ शाबूत आहेत ते, नवा दांडा घालून, सुक्या कचऱ्याला. डबे घेताना दुकानात ते नुसते ढकलून बघू नका. त्यात पाण्याचे दोन २० लिटरचे जार ठेवा आणि जी व्यक्ती रोज ओढणार आहे तिला तिथे नेऊन ओढायला सांगा. मूठ तिच्या हाताच्या उंचीला येते का, कलताना डबा तोलला जातो का, हे तिला दोन मिनिटांत कळतं. आमच्या शेवटच्या खरेदीत मी पसंत केलेला डबा मावशींनी नाकारला, कारण त्याची मूठ त्यांच्या बोटांना जाड पडत होती. आम्ही दुसरा घेतला. तो चौथ्या वर्षी चालू आहे.

रॅम्पची लांबी आणि उंची मोजून कळवलीत, आणि निखळलेल्या चाकाच्या दांड्याच्या टोकाचा जवळून काढलेला एक फोटो दिलात, तर सळई कशी कापून घ्यायची ते मापासकट सांगते.